हबूबचं पाणी

“इतना मेंदी काय को? इसका शादी है क्या?” खलफानने गाडीच्या खिडकीतून विचारलं.

अजीजने मान वर केली नाही. रीमचा पुढचा पंजा त्याच्या मांडीवर होता आणि बोटांमधल्या नाजूक कातडीपर्यंत मेंदी पोचत नव्हती. मेंदीने सलुकी जातीच्या शिकारी कुत्र्यांचे तळवे टणक होतात, तापलेल्या वाळूत सोलवटत नाहीत. ही इथली जुनी रीत. मेंदी मात्र रत्नागिरीची. त्याची बायको खतीजा दरवर्षी पाठवायची आणि “माझ्या हाताला कधी लावलीत का एवढ्या प्रेमाने,” हेही दरवर्षी ऐकवायची.

“कल रेस का ट्रायल है,” खलफान म्हणाला. “पिछले टाइम ये आधे में बैठ गया. सब लोग हसता था. कल तुम पीछे बैठो, गाडी में. आवाज दो. तुम्हारा आवाज पे ये आता है, मालूम मेरे को.”

“बाबा, गर्मी है.”

“गर्मी सबको है, अजीज. बैठेगी तो खलास. किसी को दे दूँगा. और तुम भी फिर क्या करेगा इधर?”

गाडी धुरळा उडवत गेली. रीमने मेंदीचा वास घेतला आणि शिंकली. अजीजने तिच्या पंजाला फडकं गुंडाळलं.

अमिरातीतल्या उम्म अल कुवैनच्या आत, वाळूत, खलफानच्या वडिलांचा हा फार्म. कुत्र्याची लाळ लागली तर सात वेळा हात धुवायला लावणाऱ्या घरात अजीज वाढला, आणि नशिबाने त्याला सलुकींची चाकरी दिली. पहिल्या वर्षी तो इतके हात धुवायचा की कातडं फाटलं. शेवटी म्हातारा मालक हसून म्हणाला होता, “ये कुत्ता नहीं, सलुकी है. मेरे साथ मजलिस में बैठता है.” अजीजच्या मनाला ते पुरतं पटलं नाही. पण हात धुणं कमी झालं आणि माया वाढत गेली. नमाजाचे कपडे तो आजही वेगळे ठेवतो.

काम त्याला म्हाताऱ्यानेच शिकवलं. सोडलं की धावावं, बोलावलं की थांबावं, आणि पकडलेलं सावज तोंडात असूनही खाऊ नये. एवढं ज्याला येतं तो शिकलेला कुत्रा, त्याने आणलेली शिकार हलाल. “कुठं धावायचं ते तू सांग,” म्हातारा म्हणायचा. “किती धावायचं ते तिला विचार.”

एकदा मात्र अजीजने विचारलं नव्हतं.

रीमची आई हबूब. तिच्यासारखी सलुकी पुन्हा त्या फार्मवर झाली नाही. परवानगी काढून शिकारीला गेले होते. हबूब सशामागे दोनदा धावली, दोनदा ससा निसटला. तिसऱ्यांदा ससा दिसला तेव्हा ती गेलीच नाही. गाफच्या झाडाखाली जाऊन आडवी झाली. म्हातारा तंबूत झोपला होता. पाहुणे हसायला लागले, कुणीतरी म्हणालं की हिंदी माणसाने शिकवलेली कुत्री हिंदी माणसासारखीच, जेवणानंतर झोपते. अजीजच्या ते वर्मी लागलं आणि त्याने हाक मारली.

ती उठली. त्याची हाक होती म्हणून उठली. ससा पकडून, दाताचा एक ओरखडा न उमटवता, तिने त्याच्या पायाशी आणून ठेवला आणि शेजारी बसली. बसल्या जागीच तिचा जीव गेला. पाहुण्यांनी ससा खाल्ला, हलालच होता तो. म्हाताऱ्याने फक्त विचारलं, “थांबली होती का ती?” अजीज हो म्हणाला. त्यानंतर मरेपर्यंत म्हाताऱ्याने तो विषय काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून तिची धाप त्याच्या मागे लागली. पिकअप चालवताना मागून ऐकू यायची, कुत्री बांधून झाल्यावर भिंतीपलीकडून यायची. खोल धाप, मध्येच अडकणारी, हबूबचीच. अजीज घाबरायचा नाही, फक्त तोंड कोरडं पडायचं त्याचं. कुत्र्यांची भांडी भरताना तो एक भांडं जास्त भरायचा आणि फार्मवरच्या गाफच्या झाडापाशी ठेवायचा. सकाळी ते रिकामं असायचं. वारा आहे, ऊन आहे, रात्री कोल्हे येतात, हे त्यालाही कळत होतं. तरी तो भांडं भरत राहिला.

संध्याकाळी खतीजाचा फोन आला. त्याने ट्रायलचं सांगितलं.

“मग मारा ना एक हाक,” ती म्हणाली. “ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. ईदनंतर आपल्या तहाचं लग्न आहे. मुलाचे वडील दुबईला असतात असं सांगून ठरवलंय मी. लग्न होईपर्यंत तरी व्हिसा सांभाळा.”

“दुबई नाही गं, उम्म अल कुवैन.”

“त्यांना काय कळतंय.” मग तिने विचारलं, “तुम्ही अजून ते भांडं ठेवता?”

“हो.”

“अल्ला माफ करणारा आहे,” खतीजा म्हणाली. “कुत्रीचं मला माहीत नाही.”

सकाळ झाली तरी हवा निवलेली नव्हती. पिकअपच्या मागे दांड्याला भुसा भरलेलं हरीण टांगलेलं होतं. त्याचा एक काचेचा डोळा गळून पडला होता. म्हाताऱ्याच्या काळात असलं सोंग नव्हतं. खलफान स्टिअरिंगवर बसला, अजीज मागे, स्टेपनीला पाठ टेकून.

रीम सुटली. आईचीच चाल, पाय वाळूला टेकतात की नाही कळू नये अशी. अजीजचा ऊर भरून आला. हरीण उड्या मारत होतं, रीम जवळ येत होती. मग अर्ध्या वाटेवर तिने एकदा त्या हरणाकडे नीट पाहिलं, वेग कमी केला आणि बसली. जीभ बाहेर, कुशी भात्यासारख्या हलत होत्या.

“आवाज दो!” खलफान पुढून ओरडला. “यल्ला!”

तेव्हाच त्याच्या कानाशी धाप आली. मागे दुसरं कुणी नव्हतं, तो आणि स्टेपनी. धाप इतकी जवळ होती की त्याला मानेवर ऊब लागली. त्याने तोंड उघडलं. रीमने ते लांबूनही पाहिलं असावं, कारण ती अर्धवट उठली आणि पुढचे पाय ताठ करून उभी राहिली. हाक आली तर ती येणार होती. तहाचं लग्न, खतीजा, व्हिसा, सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं.

अजीजने डोक्याच्या रुमालाचं टोक दातांत धरलं आणि घट्ट चावलं.

गाडी बरीच पुढे जाऊन थांबली. खलफान उतरला. तो चिडलेला होता. अजीजच्या तोंडातला रुमाल त्याने पाहिला.

“नहीं दिया आवाज.”

“नहीं, बाबा.”

“जाएगा तुम. समझा? मुल्क जाएगा.”

“समझा. पर वो सही रुका, बाबा. बड़ा बाबा होता तो उसको पास में बिठाता.”

खलफान रीमकडे बघत राहिला. ती पुन्हा खाली बसली होती. मग त्याने गाडीतून पाण्याची बाटली काढली आणि स्वतः तिच्यापर्यंत चालत गेला.

रीमला कुणाला दिलं नाही. खलफानने तिला घरी नेलं, मजलिसच्या गालिच्यावर, म्हाताऱ्याच्या रिकाम्या बैठकीपाशी. अजीजचा व्हिसा मात्र रद्द झाला. खलफान एवढंच म्हणाला, “मेंदी छोड के जाओ.”

खतीजाला त्याने फोनवर सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “या. लग्नात मंडप बांधायला माणूस कमीच पडणार होता.”

निघायच्या आदल्या दिवशी त्याने नेहमीप्रमाणे भांडी भरली. सवयीने जास्तीचं एकही भरलं आणि गाफपाशी ठेवलं. सकाळी बॅग घेऊन तिथून जाताना तो थांबला. भांडं काठोकाठ भरलेलं होतं. वर बारीक वाळूचा थर साचला होता, बाकी कुणी तोंड लावलेलं नव्हतं.

अजीजने कान देऊन ऐकलं. भिंतीपलीकडे कुत्री उठत होती, साखळ्या वाजत होत्या, दूर रस्त्यावर ट्रक चालले होते. धाप कुठेच नव्हती. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदा अगदी एकटं वाटलं.

बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. अजीजने पाणी गाफच्या मुळाशी ओतलं, भांडं विसळलं आणि बाकीच्या भांड्यांत पालथं घालून ठेवलं.