कॉलेजच्या तळघरातला माइक

मी एक जुना माइक आहे, मित्रांनो. माझी जाळी चेपली आहे आणि मानेचा स्क्रू ढिला झाल्यामुळे मान सारखी खाली पडते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका कॉलेजच्या तळघरात माझं आयुष्य गेलं. तिथे मुलांनी स्वतः चालवलेलं रेडिओ केंद्र होतं. पगार कुणालाच नव्हता. एक फाटका सोफा आणि रेकॉर्डींचे ढिगारे, एवढाच संसार. मोठ्या केंद्रांनी दारातूनच परत पाठवलेली गाणी आमच्याकडे वाजत. गॅरेजमध्ये ड्रम बडवणारी पोरं आपली पहिली कॅसेट घेऊन जिना उतरत आणि माझ्यासमोर लाजत उभी राहत. त्यांतली काही पुढे देशभर गाजली.

एका हिवाळ्यात पा न्या लोर नावाची विद्यार्थिनी आली. तिचं ह्मोंग जमातीचं कुटुंब युद्धामुळे लाओसचे डोंगर सोडून इथे आलं होतं.

"मला रविवार सकाळचा तास हवाय. मी आमच्या भाषेत बोलणार," ती म्हणाली.

केंद्राचा प्रमुख वेंडेल, तोही विद्यार्थीच, सोफ्यावर पाय पसरून पिझ्झा खात होता. "अगं, पण ते ऐकणार कोण?"

"माझी आजी."

"एकटी आजी?"

"तुझा कार्यक्रम तर तुझी आईसुद्धा ऐकत नाही, वेंडेल."

सगळे खो खो हसले. तास तिला मिळाला.

पहिल्या रविवारी ती कागदावरून वाचूनच बोलली. पण कार्यक्रम संपला आणि फोन वाजायचा थांबेना. बर्फाला भिऊन घरात कोंडून बसलेल्या म्हाताऱ्यांनी या देशात पहिल्यांदाच रेडिओवर आपली भाषा ऐकली होती. पलीकडून कितीतरी बायका नुसत्याच रडत होत्या.

वसंतात बर्फ वितळलं आणि नदी फुगली. धोक्याच्या सूचना फक्त इंग्रजीत होत्या. दुपारी वेंडेलचा कार्यक्रम चालू असताना पा न्या धावत आत शिरली. तिचे बूट चिखलाने भरले होते.

"ऊठ!"

"गाणं तरी संपू दे गं."

"नदीकाठच्या इमारतीत आमची माणसं आहेत. पोलीस दार वाजवताहेत आणि ती आतून कडी लावून बसलीत. गणवेश दिसला की घाबरतात रे ती! पण त्यांचे रेडिओ दिवसभर आपल्याच केंद्रावर लावलेले असतात."

वेंडेलने रेकॉर्डवरची सुई उचलली. पा न्याने मला दोन्ही हातांनी धरलं.

"काकांनो, मावश्यांनो, दार उघडा. पोलीस मदतीला आलेत. टेकडीवरच्या शाळेत चला."

पुन्हा पुन्हा ती तेच सांगत राहिली. तिचा घसा बसला, तेव्हा तिच्याकडून तेच शब्द शिकून वेंडेल बोलू लागला. संध्याकाळी पाणी त्या इमारतीच्या खिडक्यांतून आत शिरलं. आत कुणीही उरलं नव्हतं. शाळेत जमलेल्या आज्या मात्र पोट धरून हसत होत्या. उच्चार चुकल्यामुळे वेंडेल म्हणे तासभर 'दार उघडा'ऐवजी 'दार खा, दार खा' असं ओरडत होता!

ती दोघं शिकून निघून गेली. रविवारचा तास नवी मुलं चालवत राहिली. मग गाणी प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आली. "आता रेडिओ कोण ऐकतं?" असं कॉलेजचे वरिष्ठ म्हणू लागले. एका उन्हाळ्यात, मुलं सुट्टीवर गेली असताना, त्यांनी रेडिओच्या पट्टीवरची आमची प्रसारणाची जागा दुसऱ्या केंद्राला विकून टाकली. मुलं परतली, फलक घेऊन जिन्यावर बसली. पण तोवर आमच्या जागेवर भलत्याच गावाहून आलेला आवाज बोलू लागला होता.

आता मी ग्रंथालयात काचेच्या पेटीत असतो. शेजारी फुटबॉलची ढाल आहे. काच रोज पुसली जाते, मुलं फोटो काढतात, पुढे जातात. बोलून थकलो असतो तर सुखाने झोपलो असतो, मित्रांनो. मी गप्प बसून थकलो आहे.

माझी काच नाही पुसली तरी चालेल. तुमच्या गावात, तुमच्या शाळेत कुणाला आपल्या भाषेत बोलायला एखादी जागा असेल, तर ती जपा. तिथे जाऊन बसा, बोला, चुका, हसा. आणि ती विकायची कुजबुज कानावर आली, तर सुट्टी संपायची वाट पाहू नका.