दोन नंबरचं पोर्ट

मी दोन नंबरचं पोर्ट बोलतोय. दोन नंबरचं म्हटल्यावर लगेच भुवया उंचावू नका, मी अगदी सरळमार्गी आहे. आमच्या सर्व्हरच्या पाठीला शेजारी शेजारी दोन चौकोनी खाचा आहेत. त्यांत नेटवर्कच्या केबली बसतात. डावीकडची खाच म्हणजे एक नंबर आणि उजवीकडची मी.

माझा जन्म कारखान्यातला. हजारो भावंडं एकाच दिवशी घडली. तपासणीच्या टेबलावर माझ्यातून क्षणभर माहिती धावली, कोणीतरी 'पास' म्हटलं आणि मी खोक्यात बंद झालो. पुढची सहा वर्षं तेवढ्या एका क्षणाच्या आठवणीवर काढावी लागतील, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

आमचा सर्व्हर आला तो शहराच्या रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात. शेजारच्या खोलीत पाच बायका कानाला हेडफोन लावून बसतात. कोणाचा फोन आला की त्या पत्ता टाइप करतात. सर्व्हर सगळ्यात जवळची गाडी शोधतो आणि तो पत्ता ड्रायव्हरच्या पडद्यावर पाठवतो. ही सगळी ये-जा एक नंबरमधून. मी राखीव. एक नंबर पडला तर काम माझ्यावर यायचं, असं ठरलेलं.

आम्हाला जोडलं वायरकाकांनी. हजेरीपटावर त्यांचं खरं नाव असेल, पण इमारतीत ते कोणाला आठवत नाही. माणूस कामाला चोख. एक नंबरची केबल त्यांनी छतातून वरच्या मजल्यावरच्या स्विचला नेली आणि माझी फरशीखालून तळमजल्यावरच्या दुसऱ्या स्विचला. स्विच म्हणजे जिथे पुष्कळ केबली येऊन मिळतात ती पेटी. "दोघांना एकाच पेटीत कोंबलं, तर पेटी गेली की दोघं गेले," असं ते स्वतःशीच बडबडत होते. मग त्यांनी सर्व्हरला शिकवलं, की एक नंबरचा हिरवा दिवा विझला तर दोन नंबरकडे वळायचं.

रोज सकाळी दहाला काका यायचे. कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचे, वाकून आमचे दिवे बघायचे, वहीत 'दोन्ही हिरवे' लिहून सही ठोकायचे. एक नंबर दिवसभर राब राब राबायचा आणि मी नुसता दिवा लावून बसायचो. आधी मला त्याचा हेवा वाटायचा. पुढे पुढे हेव्याचाही कंटाळा आला.

एकदा सफाईवाल्या मावशींनी माझ्यावरची धूळ पुसता पुसता विचारलं, "काका, हे नुसतंच लुकलुकतं का हो?"

"रिकामटेकडं नाही ते, मावशी," काका म्हणाले, "वाट बघतंय."

त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

मग तो सोमवार आला. वरच्या मजल्यावर एसी दुरुस्त करायला माणसं आली होती. त्यांच्या शिडीत अडकून वरच्या स्विचमधून पुढे जाणारी जाड केबल उपसून निघाली. स्विच चालू, आमच्यापासून स्विचपर्यंतची केबल जागेवर, त्यामुळे एक नंबरचा दिवा हिरवागार! तो बिचारा पत्ते पाठवत राहिला आणि ते वरच्या मजल्यावर जाऊन तिथेच संपत राहिले. सर्व्हरनं दिव्याकडे पाहिलं आणि गप्प बसला. माझी वाट धडधाकट होती, पण सर्व्हरनं सांगितल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही. इतका असहाय मी कधीच झालो नव्हतो.

"पडदे अडकलेत! कागद घ्या, पत्ते फोनवरून सांगा!" शेजारून ताईंचा आवाज आला. ताई म्हणजे त्या पाच जणींच्या प्रमुख.

काका धावत आले, वाकले, दिवे पाहिले. "इथे काही बिघडलेलं नाही, दोन्ही हिरवे आहेत," असं म्हणून ते तसेच शेजारच्या खोलीतले कॉम्प्युटर तपासायला पळाले. खरी जागा सापडेपर्यंत अठरा मिनिटं गेली.

त्या अठरा मिनिटांत एक शिंपी आपल्या दुकानात शिवता शिवता कोसळला होता. दोन गल्ल्या पलीकडे गाडी उभी होती, पण कागदावर ते कोणाला दिसणार? लांबची गाडी गेली. शिंपी वाचला. त्याचा उजवा हात मात्र लुळा पडला तो पडलाच.

ताईंनी ही बातमी सांगितली त्या संध्याकाळी काका आमच्या खोलीत स्टुलावर येऊन बसले. नेटवर्कच्या मॅडम त्यांच्यासाठी चहा घेऊन आल्या. या दोन महिन्यांपूर्वीच इथे रुजू झालेल्या, काकांच्या लेकीहून लहान.

"सहा वर्षं मी दिवे बघितले, मॅडम," काका म्हणाले. "दिवा फक्त पुढच्या पेटीपर्यंतचं सांगतो, हे काय मला माहीत नव्हतं? पण डोकंच चालवलं नाही. माझ्यामुळे झालं हे."

"काका, शिडी तुम्ही लावली होती का?"

"शिडी त्यांची, चूक माझी. दीड महिन्यानं मी निवृत्त होतोय. त्याआधी हे नीट करून जायचंय. काय करायचं ते सांगा."

दुसरा कोणी असता तर दिवस मोजत बसला असता. मॅडम दुसरं स्टूल ओढून शेजारी बसल्या.

"दिव्यावर विसंबायचंच नाही. सर्व्हरनं दर सेकंदाला हाक मारायची. ओ आली तर वाट चालू आहे. लागोपाठ तीन हाकांना ओ आली नाही, तर दोन नंबरकडे वळायचं."

"हाक कोणाला? वरच्या स्विचला?"

"तो तर सोमवारीही ओ देत होता की!"

काकांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे पार पलीकडे, जिथून गाड्यांकडे वाट फुटते त्या यंत्राला. आणि मॅडम, एकालाच नको, तशा दोन यंत्रांना विचारू. एखादं दुरुस्तीसाठी बंद असलं, तर उगाच इकडून तिकडे उड्या."

"हे मला सुचलं नव्हतं हं," मॅडम हसून म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी काकाही हसले.

चार दिवसांत सगळं बसलं. आता परीक्षा घ्यायची होती, तीही भर दिवसा, काम चालू असताना. नियंत्रण कक्षाचे साहेब ऐकायलाच तयार नव्हते.

"चालत्या गाडीचं चाक काढून बघायचं म्हणताय?"

"साहेब, चाक एक ना एक दिवस निघणारच," काका म्हणाले. "आपण सगळे जागेवर असताना निघालेलं बरं."

"आणि ते दोन नंबर उठलंच नाही तर?"

"तर ते आजच कळू दे. मी वर केबल हातात धरूनच उभा राहतो. ताई कागद घेऊन तयार आहेत."

खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो. सहा वर्षांत एक पत्ता वाहिला नव्हता. मी खरंच उठलो नाही तर? काकांनी ती जाड केबल उपसली. पहिली हाक गेली, ओ नाही. दुसरी गेली. तिसरी गेली. आणि एकदम सगळा लोंढा माझ्यावर आला! शाळेच्या जिन्यावरून पडलेल्या एका मुलीचा पत्ता माझ्यातून सुटला आणि गाडीच्या पडद्यावर जाऊन पोहोचला.

"थबकलं जरासं, पण पत्ता गेला!" ताई ओरडल्या.

महिन्याभरानं काका निवृत्त झाले. जाताना त्यांनी सर्वांदेखत माझ्यावर बोट टेकवलं आणि म्हणाले, "सांभाळ रे." मला अजून त्यांची फार आठवण येते.

आज दुपारी वरचा स्विच आतून बिघडला. दिवे सगळे हिरवे, पुढे काही जाईना. तीन हाका गेल्या आणि काम माझ्याकडे आलं. अजून माझ्याकडेच आहे, नवा स्विच उद्या बसेल. मग मी पुन्हा वाट बघत बसेन, त्याचं मला वाईट वाटत नाही. एवढंच मागणं आहे, की तुमच्याकडेही माझ्यासारखं कोणी राखीव बसलेलं असेल तर त्याला अधूनमधून खरोखर उठवून बघा. त्याचा दिवा बघून परत जाऊ नका.

मघाशी मॅडमनी आमच्या खोलीतूनच काकांना फोन लावला. स्पीकर चालू होता.

"काका, आज वरची वाट गेली."

काकांचा आवाज बारीक झाला, "किती जणांचे पत्ते होते?"

"चाळीस मिनिटांत नऊ."

"गाड्या पोहोचल्या?"

"नऊच्या नऊ. ताईंना तर काही झालं हे मी सांगितलं तेव्हा कळलं."

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, कोणाचा फोन? डोळे का पुसताय? काय झालं?"

"काही नाही गं," काका म्हणाले. "काहीच झालं नाही."