दोन जन्मांची गाडी

धुकं इतकं दाट होतं की बेकरीच्या आवारात उभी असलेली गाडी तात्यांना आधी दिसलीच नाही. दिसला तो नुसता निळेपणा. दुधात निळा थेंब सोडावा आणि तो पसरता पसरता मधेच थबकावा, तसा. जवळ गेल्यावर त्या निळ्याला चाकं आली, आरसे आले, दारं आली. तात्या दार उघडून आत बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

"अहो, किल्ली तरी घ्या," व्याही म्हणाले. पहाटेपासून भट्टीपुढे असल्यानं त्यांच्या भुवयासुद्धा पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. "गाडी चालवून बघतात, व्याहीबुवा. झोपून नाही."

"मला कुठं चालवता येते? जरा गप्प बसा. ती काय म्हणते ते ऐकू द्या."

तात्यांचा सगळा जन्म नदीवर गेला होता. पूल होईपर्यंत या काठाची माणसं त्या काठाला तेच नेत. नाव विकत घ्यायची झाली की ते आधी रिकाम्या नावेत असेच डोळे मिटून बसत. नाव डुलते, लाकूड आपसात कुजबुजतं, तेवढ्यावर ते काय ते ठरवत. आणि एकदा त्यांच्या तोंडून 'घेतली' निघालं की ती काळ्या दगडावरची रेघ. म्हणून तर लेकीनं गाडी निवडायचं काम त्यांच्यावर सोपवलं होतं.

लेक सुईण होती. नवरा बोटीवर, महिनोन्‌महिने समुद्रात, म्हणून ती तात्यांकडेच राहायची. घाटापलीकडच्या वस्त्या यंदा तिच्याकडे आल्या होत्या. तिकडे बस दिवसातून एकदा जाते, आणि पोटातलं मूल काही बसची वेळ विचारून निघत नाही. एका घरी ती पोचली तेव्हा मूल येऊन, रडून, झोपीही गेलं होतं, आणि आई मात्र पांढरीफटक पडली होती. वाचली, पण थोडक्यात. हिवाळ्याच्या आत गाडी हवी होती.

"ढग खाली उतरलेल्या घाटात मी एकटी असणार, तात्या," लेक म्हणाली होती. "मला नेईल आणि परत आणेल, अशी बघा."

व्याह्यांना आता दूरचं धूसर दिसायला लागलं होतं, त्यामुळे त्यांची निळी गाडी विकायचीच होती. सुनेला फुकट द्यायला मात्र ते तयार नव्हते. "थोरलीला फुकट दिली तर धाकटीनं काय पाप केलंय? घरात दोन सुना आहेत माझ्या. मला म्हातारपणी जेवायचंय!"

तात्यांनी श्वास सोडला. गाडी जराशी खाली बसली आणि वर आली. भट्टीची ऊब काचेतून आत येत होती, पावाच्या वासात सीट हलके हलके डुलतेय असं त्यांना वाटलं. काठ सुटला होता.

"घेतली," ते डोळे न उघडता म्हणाले.

मग त्यांना आठवलं. लेकीनं बजावलं होतं, गाडीच्या अंगावर कोरलेला नंबर वाचल्याशिवाय यायचं नाही.

तात्यांना अक्षरं फार उशिरा भेटली. पूल झाला, नाव काठाला लागली, रिकाम्या हातांचं करायचं काय, म्हणून लेकीनं त्यांना अक्षरं लावून दिली. त्यामुळे ती त्यांच्यासाठी अजून शिळी झाली नव्हती. दुकानाची पाटी वाचतानाही ते कुणाच्या घरात शिरल्यासारखे जपून शिरत. लेकीनं हा गाडीचा नंबर त्यांना खिडकीच्या धुरकट काचेवर बोटानं लिहून समजावला होता. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं तिला शिकवलं होतं.

"पुढच्या काचेतून आत डोकावलं की पट्टी दिसते. सतरा अक्षरं नि आकडे. पहिल्या तिनावरून गाडी कुठल्या देशातली, कुणाच्या घरची ते कळतं. मधली तिच्या अंगाबांध्याची. दहावं सालाचं. अकरावं, ती कुठल्या कारखान्यात जन्मली त्याचं. आणि शेवटचे आकडे म्हणजे रांगेतला तिचा नंबर."

"म्हणजे तुझ्या बाळांच्या मनगटाला बांधतेस तशी चिठ्ठीच की."

"तसंच. आणि ओ, आय, क्यू शोधत बसू नका. ती त्यात घालतच नाहीत. शून्याशी नि एकाशी लोकांचा घोळ होतो."

"लोकांचा? शिकलेल्यांचा पण?"

"त्यांचाच जास्त."

तात्या त्या दिवशी झोपेपर्यंत खूश होते. ओ आणि शून्य यांनी त्यांना वर्षभर रडवलं होतं. जगाच्या पाठीवर कुणीतरी मोठ्या माणसांनी एकत्र बसून, आपल्यासारख्यांची अडचण ओळखून, तीन अक्षरांना दाराबाहेर उभं केलं, हे त्यांना फार मायेचं वाटलं.

आता त्यांनी काचेवरचं दव बाहीनं पुसलं आणि वाकले. पट्टीवरची अक्षरं पलीकडच्या काठावरच्या दिव्यांसारखी एकेक करून दिसायला लागली. हा देश, समुद्रापलीकडचा. हे घराणं. हे साल. लेक शाळा संपवून सुईणपण शिकायला गेली, ते. हा कारखाना, आणि हा रांगेतला नंबर. तात्यांना ती रांगच दिसली. न संपणारं छप्पर, त्याखाली एकामागून एक सरकणाऱ्या, अजून रंग न चढलेल्या गाड्या, आणि त्यांत ही, आपली पाळी येईपर्यंत शांत.

मग त्यांनी दार उघडून दाराच्या खांबावरची पट्टी वाचली, कारण लेक म्हणाली होती की तिथलीही वाचा. दोन्ही नंबर एकच असायला हवेत, हे सांगायचं मात्र तिच्या डोक्यात आलं नव्हतं. दोन डोळे एकाच माणसाचे असतात, हे कुणी कुणाला सांगतं का?

देश तोच. घराणं तेच. पण साल दुसरं, आधीचं. कारखाना दुसरा. रांगेतला नंबर कुठल्या कुठे. तात्यांनी पुन्हा पुढची पट्टी वाचली, पुन्हा खांबाची. आणि त्यांचा चेहरा उजळला.

"व्याहीबुवा! अहो व्याहीबुवा, या इकडे! तुमची गाडी जोडाची आहे. पुढची एक, मागची एक!"

"काय म्हणालात?"

"दोन जन्म आहेत हिला! तरीच म्हटलं ही नावेसारखी का डुलते."

तात्यांची सगळ्यात लाडकी नाव अशीच होती. एका फुटक्या नावेचं तोंड आणि दुसरीची पाठ, दोन्ही जोडून केलेली. पुरातही तिनं कधी दगा दिला नाही. नदीवर जोडाची नाव म्हणजे दोन नद्यांचं पाणी प्यालेली, शहाणी नाव. गिऱ्हाइकं वाट बघत थांबत तिच्यासाठी.

व्याह्यांना हे काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या पांढऱ्या भुवयांखालचा चेहरा लालबुंद झाला.

"गाडी पसंत नसेल तर नाही म्हणा. पण माझ्या दारात उभं राहून मला लबाड म्हणता?"

"लबाड? अहो, मी कौतुक करतोय!"

"कौतुक? मोडकी गाडी सुनेच्या गळ्यात मारतोय म्हणून कौतुक? चांगले पांग फेडलेत, व्याहीबुवा!"

"मोडकी कोण म्हणालं? मी 'घेतली' म्हणालो ना!"

त्यांचा आवाज ऐकून लेक धुक्यातून आली. रात्रपाळीची बॅग अजून खांद्यालाच होती. "बाबा, तात्या, सगळी गल्ली ऐकतेय," ती म्हणाली. मग तिनं दोन्ही पट्ट्या वाचल्या. ती आत शिरली, पुढच्या सीटखालची चटई उचलली आणि पत्र्यावरून बोट फिरवलं. या बाजूपासून त्या बाजूपर्यंत वेल्डिंगची एक जाड, ओबडधोबड शिवण गेली होती.

"टाका आहे," ती म्हणाली. "वरवर भरलाय. आतून धरलेला नाही." ती सासऱ्यांकडे वळली. "बाबा, तुम्हाला फसवलंय. धडक बसलेल्या दोन गाड्या कापून एक केलीय."

व्याही बेकरीच्या पायरीवर बसले. "दोन वर्षं तुझ्या सासूला घेऊन फिरलो मी हिच्यात," एवढंच ते म्हणाले.

"पण पोरी, जोडलेलं वाईटच असतं असं कुठंय?" तात्या चाचरत म्हणाले. "आपली नाव..."

"नावेच्या फळ्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, तात्या. शिवाय पाणी तिला चहूबाजूंनी धरून असतं. हिला रस्ता काही धरत नाही. घाटात पुढून मार बसला तर ही इथं उघडेल." तिनं चटई परत अंथरली, झोपलेल्या कुणाला पांघरावी तशी. "पण तुम्ही शब्द दिलाय ना? आणि बाबांचाही मान आहे. निवडायचं तुम्हाला सांगितलंय, तुम्हीच ठरवा. मी जरा पडते आत."

तात्या पुन्हा गाडीत बसले. ते ऐकत होते, पण भट्टीची ऊब होती, धुकं काचेला गाल लावून उभं होतं, आणि ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागला. गाडी निघाली होती. चाकांखाली रस्ता नव्हता, ढग होता. पुढे लेक बसली होती, मागे ते. दोघं काहीबाही बोलत होते. मग तिचं बोलणं जरा लांबून यायला लागलं. तात्यांनी पाहिलं, तर मधे पाण्याची एक बारीक रेघ होती. रेघेची चीर झाली, चिरेचा ओढा झाला. काहीही तुटल्याचा आवाज नाही, धक्का नाही. लेक पाठमोरी, गाडी चालवतेच आहे, आणि तिचा काठ लांब लांब चाललाय. तात्यांनी वल्ह्यासाठी हात टाकला. हातात मऊ सीट आली.

ते बाहेर आले तेव्हा धुकं छपरांपर्यंत उठलं होतं. व्याही अजून पायरीवरच होते.

"व्याहीबुवा," तात्या म्हणाले, "मघाशी मी 'घेतली' म्हणालो. ते परत घेतो. आयुष्यात पहिल्यांदाच शब्द फिरवतोय. तुम्हाला बोलायचं ते बोला."

व्याह्यांनी हाताचं पीठ झटकलं. "तुम्ही फिरवला नसता तर मी गाडीपुढे आडवा पडलो असतो. माझ्या सुनेला मी हिच्यात बसू देईन? वेडे आहात का?"

गाडी भंगारात गेली. भंगारवाला म्हणाला, "अख्खीच ठेवा की, कुणीतरी घेईल," तेव्हा दोघं म्हातारे एकदमच ओरडले. तिथं समोर उभं राहून त्यांनी ती शिवणीवर कापून घेतली. पत्रा सुटताना तात्यांना वाईट वाटलं. दोघी बिचाऱ्या आपापल्या रांगेत चांगल्या जन्मल्या होत्या.

दुसरी गाडी लगेच कुठली मिळायला! थंडी तर दाराशी आली होती. शेवटी लेकीनं घाटापलीकडेच एक खोली घेतली, हिवाळाभर तिथंच राहायचं ठरवलं. "बाळं माझ्याकडे येत नाहीत, तर मीच त्यांच्याजवळ जाते," असं हसत म्हणाली आणि बसमध्ये चढली. बस वळणाआड जाईपर्यंत दोघं व्याही हात हलवत राहिले. व्याह्यांना ती कधीच दिसेनाशी झाली होती, तरी तेही हलवत होते.

तात्यांचं घर त्या दिवसापासून मोठं झालं. म्हणून ते सकाळी बेकरीत येऊन बसत, आणि भट्टी शांत झाली की दोघं जुन्या गाड्यांच्या आवाराकडे निघत. लांबच लांब रांगा, काचांवर दव, गाड्या झोपेतच असल्यासारख्या. तात्या प्रत्येक काचेवर वाकून हळूहळू वाचत जायचे आणि व्याही ऐकलेलं तोंडातल्या तोंडात घोकत दाराच्या खांबाकडे वळायचे.

"ओ आजोबा," रखवालदार ओरडायचा, "गाडी घ्यायचीय की तिचा पाळणा म्हणायचाय?"

एके दिवशी एका करड्या गाडीपाशी ते बराच वेळ थांबले. तात्यांनी पुढचा नंबर वाचला, व्याह्यांनी तो धरून ठेवला, मग तात्यांनी खांबावरचा वाचला. अक्षराला अक्षर मिळालं. व्याह्यांनी त्यांचा हात घट्ट धरला.

"तोच आहे हो! घेतली म्हणू का?"

"थांबा," तात्या म्हणाले, आणि गुडघे धरत खाली बसले. "आधी चटई उचला."