बस कुठे जाते ते लिहून द्या

"गॅस गळतोय, बिल्डिंग रिकामी करा!" असं भोंग्यावर ओरडत गणवेशातली माणसं जर्सी सिटीतल्या त्या इमारतीत शिरली, आणि बाराव्या मजल्यावरच्या याकोबकाकांनी दाराला साखळी लावली. १९९६ साल होतं. निर्वासित म्हणून अमेरिकेत येऊन त्यांना सत्तेचाळीस वर्षं झाली होती, तरी बेल वाजली की माणूस दचकायचा.

शेजारच्या सुमेधाने दार बडवलं. नागपूरची पोरगी, सॉफ्टवेअरवाली, जिभेची तिखट. पण दर शनिवारी काकांकडे चहाला हजर.

"काका, उघडा! एकच बॅग घ्या. खाली बस उभी आहे. संध्याकाळपर्यंत परत आणतील!"

आतून साखळी ओढून पाहिल्याचा आवाज आला.

आणि तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. पोलंडमध्ये नाझींनी काकांच्या आईला आणि बहिणीला ट्रकमध्ये चढवताना हेच सांगितलं होतं. एकच बॅग, संध्याकाळपर्यंत परत. काकांनीच एकदा चहा पिताना सांगितलेलं. अगं बाई, समजूत घालायला गेलीस आणि त्या मेल्यांचीच भाषा बोललीस!

गॅसचा वास आता जिन्यापर्यंत आला होता. अग्निशमन दलाचा एक जवान तिचा दंड धरून ओढू लागला. तिने हात झटकला.

"काका, खोटं नाही बोलत. परत कधी आणतील, मला ठाऊक नाही. पण गॅस खरंच गळतोय आणि मला भीती वाटतेय. तुम्ही आल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

बऱ्याच वेळाने साखळी निघाली.

गुडघे धरत काका बारा मजले उतरले आणि बसच्या पायरीशी अडून बसले. "कुठे नेताय ते लिहून द्या. सहीनिशी."

पावसात भिजलेल्या जवानाने कपाळाला हात लावला, पण लिहिलं. शाळेचं नाव, पत्ता, खाली सही. काकांनी तो कागद सुमेधाच्या हातात कोंबला.

"तू चढू नकोस. आम्हाला कुठे नेलं, हे ठाऊक असणारं कुणीतरी बाहेर हवं."

काय म्हणावं या हट्टाला! तिने डोळे वटारले, आणि मुकाट्याने शाळेकडे चालू लागली. चांगलं मैलभर, भर पावसात. मनात एकच धाकधूक, तिथे नसले तर?

शाळेच्या हॉलमध्ये ते होते. तिला पाहताच ढसाढसा रडले.

"तेव्हाही मागे एकजण राहिला होता," ते म्हणाले. "मी. दहा वर्षांचा. कपाटाच्या फटीतून सगळं पाहत होतो. ट्रक कुठे चाललाय, ते विचारायला मी बाहेर आलो नाही."