टिनाखालची गादी

मी घुग्घुसच्या रस्त्याकडेची टिनाची शेड. बोलायची मला सवय नाही, आणि खरं सांगायचं तर आता तेवढी ताकदही उरलेली नाही. पण गेल्या दोन उन्हाळ्यांत माझ्या पोटात जे घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. म्हणून बसा जरा.

माझा जन्मच जुन्या सामानातून झाला. वरचे टिन एका मोडीत निघालेल्या गोदामाचे. दार आलं मूलकडच्या बंद पडलेल्या भातगिरणीतून. ते माझ्या चौकटीला कधीच नीट बसलं नाही. ठोकून, तासून, शिव्या घालून बसवलं, तरी दोन फळ्यांच्या मधून हात जाईल एवढी फट राहिली आणि खालून मांजर आत यायचं. ज्या दिवशी लोक माझ्या दारात पेढे खात होते, त्या दिवशीच मी थकलेली होते.

मला उभं केलं गुलाबनं. सगळे त्याला गुलाबभाऊ म्हणतात, पण मी त्याला घाम पुसताना पाहिलंय, एकट्यानं गुणगुणताना ऐकलंय, म्हणून मी नुसतं गुलाब म्हणते. त्याचा धंदा जळलेल्या विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा. शेतावरचे पंप, घरचे पंखे, कूलर. आतली जळकी तार उपसायची, नव्या तांब्याच्या तारेची वेटोळी बसवायची, वर वार्निश द्यायचं आणि सुकवायचं. याला ते वायंडिंग म्हणतात.

त्याची बायको कमला आधी डबा घेऊन यायची. मग डबा खाऊन होईपर्यंत बसायला लागली. मग बसल्याबसल्या तार गुंडाळायचं हँडल फिरवायला लागली, आणि एके दिवशी मी पाहिलं तर तिचं स्वतःचं स्टूल होतं. त्यांची मुलगी साक्षी माझ्याच कोपऱ्यात अभ्यास करून मोठी झाली आणि नागपूरला नोकरीला लागली.

माणसांची एक गंमत मला कधी कळली नाही. कूलर त्यांना फेब्रुवारीत आठवत नाही. तो आठवतो मे महिन्यात, अंगाची लाही झाल्यावर. मग सगळे एकदम येतात. "गुलाबभाऊ, आजच पाह्यजे!" साऱ्या गावाचा गारवा ज्या माणसाच्या हातून जायचा, तो बसायचा कुठे? माझ्या टिनाखाली.

चंद्रपूरकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. दुपारी माझे टिन कटाकटा वाजायचे. खाली पंखा लावला तरी तो तापलेलीच हवा ढवळायचा. दार उघडं ठेवलं की रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जायचे आणि काळी धूळ आत यायची. ती ओल्या वार्निशवर बसली की मोटार पुन्हा जळणार. म्हणून कमला दार ओढून घ्यायची, फटीत पोतं कोंबायची, आणि मग आत दोघं भाजायचे. धूळ घ्या नाहीतर आग घ्या, एवढंच मी त्यांना देऊ शकत होते.

तो दिवस मेच्या शेवटाचा. साक्षी सुट्टी संपवून परत चालली होती, तिला गाडीत बसवायला कमला चंद्रपूरला गेली होती. गुलाब एकटा. सकाळीच ऑटोवाला मुखरू कूलरची मोटार घेऊन आला. त्याची मुलगी नंदिनी बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ पाच-सात दिवसांचं.

"भाऊ, लेकरू झोपूनच नाई राह्यलं. रडून रडून लालेलाल झालं," मुखरू म्हणाला.

"संध्याकाळी घेऊन जा," गुलाब म्हणाला. दुसरं काही तो म्हणालाच नसता.

दुपारी लाईन गेली. पंखा थांबला. बाहेर वावटळ उठली, तसं गुलाबनं दार ओढलं, पोतं कोंबलं आणि हातानं हँडल फिरवत बसला. त्याच्या पाठीवरून घाम गळत होता. मग घाम यायचा थांबला. मला वाटलं, बरं झालं, थंड पडलं असेल. मला काय कळतं? थोड्या वेळानं तो कमलाशी बोलायला लागला. ती नव्हतीच. "कमला, तार घे," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला. मग स्टुलावरून बाजूला कलला आणि खाली पडला.

मुखरू उन्हं कलल्यावर आला. हाका मारल्या. दाराला खांदा लावला, पोतं निघालं आणि तो आत शिरला. "बाप्पा! गुलाबभाऊ!" माठातलं सगळं पाणी त्यानं गुलाबच्या डोक्यावर, छातीवर ओतलं, ओल्या दुपट्ट्यात त्याला गुंडाळलं आणि एकट्यानं उचलून ऑटोत घातलं. दार उघडंच राहिलं. त्या रात्री माझ्यात धूळ येत राहिली आणि झाडायला कोणी नव्हतं.

गुलाब वाचला. पण डॉक्टरांनी सांगितलं, एकदा असा तडाखा बसला की शरीर दुसऱ्यांदा तेवढं सोसत नाही. तापलेल्या जागी बसायचं नाही. आणि हाताला कंप राहिला. हे मला कळलं ते कमला कुलूप लावायला आली तेव्हा. ती शेजारच्या पानठेल्यावाल्याला सांगत होती. सांगताना रडली नाही. कुलूप लावून झाल्यावर मात्र बराच वेळ कडीला धरून उभी होती.

सारा पावसाळा मी बंद होते. टिनाच्या जुन्या भोकांतून पाणी गळायचं. गुलाबचं टेबल गंजलं. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीमागे ओल चढली. मला वाटलं, संपलं आपलं. वाईटही वाटलं नाही फारसं. थकलेल्याला तेवढंच हवं असतं.

दिवाळीत साक्षी आली. मायलेकींनी कुलूप उघडलं.

"आई, हे पाडून टाक," साक्षी म्हणाली. "दोन गाळे बांधू. भाडं येईल. तुलाही आराम, बाबांनाही."

"अन् तुये बाबा काय करतीन?"

"आराम करतील ना."

"आरामच तर करून राह्यले सहा महिन्यांपासून." कमलानं टेबलावर बोट फिरवलं. "भिंतीकडे तोंड करून बसते तो माणूस. जेवाले बोलावलं तर जेवते, निजा म्हटलं तर निजते. मी त्याले वाचवलं नाई, साक्षी. नुसतं घरी आणून ठेवलं."

 साक्षीनं मान वर करून माझ्या टिनाकडे पाहिलं. लहानपणी अभ्यास करताना ती असंच पाहायची.

त्या आठवड्यात गुलाबला आणलं. तो आत आला नाही, दाराबाहेर उभा राहिला. कमला सांगत होती: टिनाखाली गादी लावायची, तापच खाली येऊ द्यायचा नाही, नवं घट्ट दार बसवायचं.

"शेड हाय ते," तो म्हणाला. "शेडाले काऊन गादी? पैसे आले का जास्तीचे?"

"तुमाले बसता आलं पाह्यजे म्हणून."

"मले नाई बसायचं." त्यानं आपला उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवला होता. "हा हात आता तार धरत नाई. तू उगाच करून राह्यली, कमला. मी नाई येणार."

तो गेला. कमलानं तिथूनच गडचांदूरच्या प्रवीणला फोन लावला.

प्रवीण दारं-खिडक्या, शेडचं काम करणारा. हिवाळ्यात तो माणसं घेऊन आला. पहिल्यांदा माझं दार काढलं. इतकी वर्षं ते मला कधी शोभलं नाही, पण काढलं तेव्हा मला उघडं-उघडं वाटलं. मग टिनावरची भोकं बुजवली, वरून पांढरा रंग दिला. खालून लोखंडी पट्ट्या मारल्या आणि त्यांच्यावर गाद्या अंथरल्या. काचेच्या कापसाच्या, एका अंगाला चंदेरी कागद लावलेल्या. तो कापूस अंगाला खाजवतो म्हणून माणसांनी तोंडाला, हाताला फडकी बांधली होती. त्याखाली पांढरे तक्ते ठोकले. दार आलं दुहेरी पत्र्याचं, मध्ये फोम भरलेलं, कडेनं काळं रबर आणि खाली ब्रश. मुखरू रोज यायचा. भाड्याच्या फेऱ्या सोडून सामान आणायचा, ओझं उचलायचा, आणि कमलानं चहा दिला तर घ्यायचा नाही. त्याच्या कूलरची ती मोटार कमलानंच कुलूप लावायच्या आधी पुरी करून त्याच्या घरी पोचवली होती, तेव्हापासून तो तिच्याकडे नीट पाहतही नव्हता.

तुम्हाला वाटेल मी खूश असेन. म्हाताऱ्या माणसाला नवे कपडे घातल्यावर तो खूश होतो का? तो विचारतो, आता कुठं न्यायचंय मला? खिळ्यांनी मी दुखत होते. मला नुसतं स्वस्थ पडायचं होतं.

आणि सारं एका दमात जमलंही नाही. पहिल्यांदा वार्निशचं काम काढलं, तेव्हा नवं दार इतकं घट्ट लागलं की वास बाहेर पडायला वाटच राहिली नाही. कमलाला चक्कर आली. ती कशीबशी बाहेर जाऊन पायरीवर बसली आणि ओकली. ही बातमी घरी पोचली.

"पाह्यलं?" गुलाब म्हणाला असणार. मी तिथं नव्हते, पण दुसऱ्या दिवशी कमलाचा चेहरा पाहून मला कळलं. तिनं प्रवीणला पुन्हा बोलावलं. मागच्या भिंतीला भोक पाडून हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला, समोर धूळ अडवणाऱ्या बारीक जाळीची खिडकी केली. दार उघडं टाकून पुन्हा धूळ खात बसणं सोपं होतं. पण ती हट्टी आहे.

एप्रिल गेला. कमला एकटी काम करायची. गिऱ्हाइकं आत आली की पहिल्यांदा वर पाहायची. "बाप्पा, कुठी आलो आपण?" म्हणायची आणि काम नसताना बसून राहायची. फक्त ज्याच्यासाठी हे केलं तो येत नव्हता. कमला त्याच्याविषयी बोलायची नाही. समोरचं त्याचं स्टूल मात्र रोज पुसायची.

मग मे आला, आणि एका भर दुपारी दार ढकललं गेलं. गुलाब. डोक्याला ओलं फडकं, चेहरा लाल.

कमला ताडकन उठली. "अजी, हे काय! इतक्या उन्हात काऊन आले? अक्कल हाय का?"

"पाह्यले आलो," तो म्हणाला.

तो आत आला. दार मागे लावून घेतलं. तो मधोमध उभा राहिला आणि त्यानं हळूच हात वर केला, चुलीवर तापलेलं भांडं चाचपावं तसा. हात तसाच ठेवला. वर माझे टिन भाजत होते. पण त्याच्या हाताला झळ लागली नाही.

"पाणी देते," कमला म्हणाली.

"थांब." तो स्टुलावर बसला. टेबलावर अर्धी झालेली मोटार होती. त्यानं तार उचलली, खाचेत घालायला गेला. तार थरथरली, घसरली. पुन्हा उचलली. पुन्हा घसरली. कमलानं ती त्याच्या हातातून काढून घेतली नाही, आणि याबद्दल मी तिला जन्मभर मानेन. ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि म्हणाली, "तुमी नुसतं रीळ धरा. मी फिरवते."

त्यानं रीळ दोन्ही हातांनी छातीशी धरलं. ती हँडल फिरवायला लागली.  मग तो रडला. आवाज न करता, रीळ न सोडता. तिनं हँडल थांबवलं नाही.

तेवढ्यात मुखरू कोणाचा तरी पंखा घेऊन आला आणि दारातच थबकला. परत फिरायला लागला.

"मुखरू," गुलाबनं हाक मारली. "पळून काऊन राह्यला?"

मुखरू खाली पाहत म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी मी मोटार आणली नसती तर..."

"तू आणली नसती तर दुसऱ्यानं आणली असती. अन् तू संध्याकाळी आला नसता तर मी आज नसतो. बस इथी. लेकरू कसं हाय?"

"चालून राह्यलं आता, भाऊ. सारं घर उलटंपालटं करते."

"घेऊन ये एखाद्या दिवशी."

कमलानं तिघांसाठी चहा ओतला. त्या दिवशी मुखरूनं तो घेतला.

तेव्हापासून गुलाब येतो. रोज नाही. हात सुधारला नाही आणि सुधारणारही नाही. वायंडिंग कमलाच करते. तो मोटारी उघडतो, गिऱ्हाइकाशी बोलतो, रीळ धरतो. कधी कधी दुपारभर गप्प बसतो, तेव्हा मला भीती वाटते. कधी टेबलावर डोकं टेकून झोपतो. माझ्यात दुपारी कोणी झोपू शकेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी अजून थकलेलीच आहे. पांढऱ्या रंगाखाली टिन तेच आहेत, ऊन तेच आहे, रस्त्यावरचे ट्रकही तेच. फक्त ते सारं आता माझ्यापाशी थांबतं, खाली उतरत नाही.

तुमच्या ओळखीत एखादी शेड असेल, तिच्या टिनाखाली कोणी शिवत असेल, ठोकत असेल, जुळवत असेल, तर एकदा भर दुपारी तिथं जाऊन बसा. फार नाही, एक चहा होईपर्यंत. मग जे करायचं ते करा, पण कोणी खाली पडायची वाट पाहू नका. मला पाडून टाकलं असतं तरी मी काही म्हणाले नसते. पण माणूस पडला की तो पुन्हा पूर्वीसारखा उठत नाही.

बास, एवढंच. कमला आलेली दिसते. तुम्हाला आत यायचं असेल तर या, पण दार मागे लावून घ्या. गुलाब आत झोपलाय.