आईचा निळा ड्रेस

डॅडच्या क्रेडिट रिपोर्टवर कुठल्याशा अनोळखी बँकेची चौकशी निघाली, म्हणजे कोणीतरी त्यांच्या नावावर कार्ड मागितलं होतं. घरात काही बिनसलं की त्यांचा संशय माझ्या भावावरच जातो. त्यांनी तडक त्याला फोन लावला.

"कर्टिस, माझ्या नावावर कार्ड काढायला निघालास? आईच्या थडग्यावरची माती अजून ओली आहे."

कर्टिसने फोन ठेवला.

मी चिडून त्या बँकेलाच विचारलं. तिथली बाई म्हणाली, "दुकानांची कार्डं आम्हीच काढतो, म्हणून रिपोर्टवर आमचं नाव दिसतं. हा अर्ज डेटन शहरातल्या कपड्यांच्या दुकानातून आलाय, नऊ मार्चला."

त्या दिवशी डॅड आईला दफनाआधी घालायचा शेवटचा, निळा ड्रेस आणायला गेले होते.

"गल्ल्यावरची पोरगी म्हणाली, कार्ड घेतलं तर आज सूट आहे," ते आठवत म्हणाले. "मी हो म्हणालो. तुझी आई सूट कधी सोडायची नाही."

"आणि कर्टिस?"

"बाहेर गाडीत रडत होता. मीच म्हटलं, तू थांब, मी घेऊन येतो."

कर्टिसला लावा म्हणून मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांना नंबर दाबता येईना.