छपरातला मच्छिंद्र

"फक्रुद्दीनच्या काचेवर एकदा आलेला माणूस हरवत नाही," हे वाक्य फक्रुद्दीन रोज एकदा तरी म्हणायचा. गिऱ्हाईक नसलं तर बायकोला, मेहताबला ऐकवायचा. लढाई संपली त्या वर्षी, दिवाळीनंतरच्या एका सकाळी, नगरच्या कापडबाजारामागच्या बोळातल्या आपल्या स्टुडिओत तो हेच आप्पासाहेबांना ऐकवत होता.

आप्पासाहेब सावेडीचे बागायतदार. लेकीच्या लग्नाचा फोटो घेऊन भांडायला आले होते. फोटोत नवरीच्या गालावर सावली, नवऱ्याच्या कपाळावर सावली, आणि खुद्द आप्पासाहेबांच्या तोंडावर तर चुलीतला हात फिरवल्यासारखं झालेलं.

"फकरूभाई, माझं तोंड असं हाय का?"

"तोंड झकास आहे. पण काही घराण्यांत सावली असतेच. तुमच्या वडलांचा फोटो काढला असता तर त्यांच्याही आली असती."

वडलांचं नाव निघाल्यावर आप्पासाहेब विचारात पडले. दुपारी फुकटात दुसरा फोटो काढायचं ठरलं आणि ते मिशी कातरून घ्यायला गेले.

खरं म्हणजे चैत्रापासून फक्रुद्दीनच्या सगळ्याच फोटोंवर सावल्या येत होत्या. त्यानं भिंग पुसलं, कॅमेऱ्याला लोबान दाखवला, गिऱ्हाइकांच्या तोंडाला पावडर थापली. एका नवरदेवाला तर इतक्या वेळा दाढी करायला पाठवलं, की मांडवात त्याला सासऱ्यानं ओळखलं नाही.

आप्पासाहेब गेले तशी दारात एक बाई आली. डोक्यावरचा पदर दातात, पाय धुळीनं माखलेले.

"मी गोजरबाई. मिरजगावची," ती म्हणाली. "माझ्या पोरानं हितं फोटू काढला हुता. मच्छिंद्र. लढाईवर जायच्या आधी, भिंगारच्या छावणीतून आल्ता. म्हनला, आये, माघारी आलो की फोटू घिऊनच येतो."

"मग?"

"त्याचं जहाज बुडालं. तार आली. आता म्हनलं, फोटू तरी न्यावा. घरात दुसरा न्हाई. त्याचं त्वांड इसरायला लागलंय मला, भाऊ. रात्री आठवाया जाती, तर नुसता पटकाच दिसतो."

"फक्रुद्दीनच्या काचेवर..." एवढं सवयीनं त्याच्या तोंडून निघालं आणि तो तिथंच थांबला.

कारण मच्छिंद्राची काच कुठं गेली ते त्याला ठाऊक होतं. त्या काळी फोटो काचेवर निघायचा. त्या काचेवरून मग कागदावर उतरवायचा. न्यायला कुणी आलंच नाही, तर काच धुऊन दुसऱ्या कामाला घ्यायची, असा धंद्याचा रिवाज. लढाईत पलटणीतली पुष्कळ पोरं फोटो काढून गेली आणि न्यायला आली नाहीत. त्यांच्या काचांची एक पेटी भरली होती. गेल्या चैत्रात गारा पडल्या आणि स्टुडिओचं काचेचं छप्पर फुटलं. बाजारात काच मिळेना. फक्रुद्दीननं पेटी मेहताबपुढं ठेवली. म्हणाला, सोडा आणि राख घे, पार आरपार दिसेपर्यंत घास. मग त्यानं स्वतः चढून त्या काचा छपराला बसवल्या, ऊन मऊ पडावं म्हणून बाहेरून नेहमीसारखा चुना फासला, आणि खाली उतरून आपल्या अकलेवर खूश झाला.

आता तो गोजरबाईच्या पायांकडं बघत म्हणाला, "बाई, ती काच धुतली गेली."

गोजरबाई तिथंच खाली बसली.

आतल्या दारातून मेहताब म्हणाली, "नाही धुतली."

"काय?"

"एकपण नाही धुतली. पेटी उघडली, तर पोरं माझ्याकडं बघायला लागली. अशी उघड्या डोळ्यांची तोंडं राखेनं घासू? आपलं लेकरू असतं तर? घासल्या म्हणून सांगितलं आणि तुमच्या हातात देत गेले. संध्याकाळची वेळ होती. तुम्ही कुठं बघता? तुम्ही बोलत होता."

फक्रुद्दीननं वर बघितलं. मग शिडी लावली, छपरावर चढला आणि ओल्या फडक्यानं चुना पुसायला लागला. पुसेल तसं खाली उजेडात एकेक तोंड उमटायला लागलं. काळी तोंडं, पांढरे केस, पांढऱ्या मिशा. काचेवर सगळं उलटं असतं. नगर जिल्ह्याची न परतलेली पोरं सात महिने त्याच्या डोक्यावर उभी होती आणि खाली बसणाऱ्या नवरानवरींच्या गालांवर त्यांच्या सावल्या पडत होत्या.

"यातला तुमचा कोणता?" त्यानं वरून विचारलं. त्याला स्वतःला एकही ओळखू येईना.

"ही तर भुतावळ हाय," गोजरबाई म्हणाली. मान वर करून ती एकेका काचेखालून फिरली. कोपऱ्यातल्या काचेखाली थांबली. "ह्यो."

"नक्की?"

"मान बघ की वाकडी. ल्हानपनापास्नं अशीच धरायचा. कितीदा मारलं म्या."

काच निघाली. तिला ओरखडा नव्हता. फक्रुद्दीननं ती कागदावर दाबून उन्हात धरली. हळूहळू कागदावर पटका आला, मग कान, मग मिसरूड न फुटलेला ओठ. गोजरबाईनं कागद हातात घेतला. बराच वेळ ती त्या गालावरून बोट फिरवत राहिली.

"आता द्या," फक्रुद्दीन म्हणाला. "औषधाच्या पाण्यात बुडवावा लागतो. नाहीतर उजेडानं काळा पडतो."

"पान्यात?"

"थोडा वेळच."

"न्हाई," ती म्हणाली. "पान्यात न्हाई घालायचा त्याला."

त्यानं परोपरीनं सांगितलं. मेहताबनं सांगितलं. गोजरबाईनं कागद पोटाशी धरला आणि उठली. फक्रुद्दीनला ओढून घेता आला असता. त्यानं काळा कागद आणला आणि फोटो त्यात गुंडाळून दिला. "उन्हात उघडू नका. काच माझ्याकडं आहेच. चांगला पक्का करून मी स्वतः मिरजगावला आणतो."

काच त्यानं कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात गुंडाळली आणि गिऱ्हाइकाच्या मखमली खुर्चीवर ठेवली. दुकानात त्याहून मऊ जागा नव्हती. मेहताबनं भाकरी बांधून घेतली आणि दोघं बाईला माळीवाड्याच्या मोटारअड्ड्यावर पोचवायला गेली. मोटार सुटली तेव्हा गोजरबाई खिडकीशी बसली होती. काळा कागद तिनं उघडला होता आणि शेजारणीला म्हणत होती, "ह्यो माझा मच्छिंद्र." शेजारणीनं फोटो पुढच्या बाकावर दिला. भर दुपारचं ऊन होतं.

"जाऊ दे," फक्रुद्दीन म्हणाला. "काच आहे."

दोघं स्टुडिओकडं परत निघाली. मेहताबनं दोनदा वळून बघितलं.

स्टुडिओत आप्पासाहेब येऊन बसले होते. मिशी कातरलेली, फेटा नवा. छपराच्या भोकातून ऊन सरळ त्यांच्या तोंडावर पडलं होतं आणि तोंडावर कुठंही सावली नव्हती.

"फकरूभाई, आज उजेड बेस हाय," ते म्हणाले. "तेवढी खुर्ची दुरुस्त करा. बसलो तर खाली कायतरी मोडलं."